नियमावलीत ‘अग्रिम’ लिहावं की ‘उचल’?

शिरोळ तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात काम करणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीने पुरवठादारांसाठी जबाबदार व्यवहाराची नियमावली पाठवली आहे. ती मराठीत करून वाहनमालक, मजुरांची टोळी आणणारे मुकादम आणि तोडणी मजुरांपर्यंत पोचवायची आहे. हंगामाआधी मजुराला जी रक्कम दिली जाते तिला ‘अग्रिम’ म्हणावं की ‘उचल’? आणि ‘उचल’ म्हटलं तर शेतकऱ्याच्या ‘पहिल्या उचली’शी, म्हणजे उसाच्या पैशाच्या पहिल्या हप्त्याशी, घोटाळा होणार नाही का?

माझं उत्तर: मजुराच्या बाबतीत ‘उचल’च लिहा. ‘अग्रिम’ हा कचेरीतला शब्द. सण अग्रिम घेणाऱ्या कर्मचाऱ्याला तो कळतो. बीडहून आलेल्या टोळीत तो कुणाच्या तोंडी नसतो. ‘आगाऊ रक्कम’ समजेल, पण त्या शब्दाला देण्याघेण्याची ती सगळी पाळंमुळं नाहीत. ज्या शब्दावर अंगठा उठतो, तोच शब्द नियमातही असायला हवा.

घोटाळ्याची तुमची शंका मात्र रास्त आहे. ‘उचल’ हे उचलण्यावरूनच आलेलं नाम. रेशन दुकानदार धान्याची उचल करतो, सभासद सोसायटीतून कर्जाची उचल करतो, जुनं दुखणं उचल खातं. पैशाच्या बाबतीत अर्थ एवढाच की हिशेब पुरा होण्याआधी हातात पडलेली रक्कम. इथवर शेतकरी आणि मजूर एकाच वाटेवर आहेत. फरक कळतो तो पुढच्या क्रियापदावरून.

शेतकऱ्याची उचल जाहीर होते, मिळते, खात्यावर जमा होते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत तिची मागणी होते, आंदोलन पेटतं, मग ‘कोंडी फुटली’ अशी बातमी येते. ती ‘फिटली’ असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही, कारण ती फेडायचीच नसते. ऊस गाळपाला गेलेला असतो. येणं शेतकऱ्याचं, देणं कारखान्याचं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराच्या, वरचा दर मागाहून ठरणार असेल तर ‘पहिली’ या विशेषणाला अर्थ आहे. एफआरपीचेच तुकडे होत असतील तर ते विशेषण थकबाकी झाकतं. राज्य सरकारने २०२२ साली एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली. म्हणून शेतकऱ्यासाठी नियमावलीत सरळ ‘ऊसबिल’ लिहा. गावात तोच शब्द चालतो आणि देणं कुणाचं हे त्यात स्पष्ट आहे.

मजूर उचल घेतो, मजूर ती फेडतो. हंगामाअखेर ती ‘फिटते’ किंवा ‘अंगावर राहते’. अंगावर राहिली की पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे यावं लागतं. कोल्हापुरात घरोघरी कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतात. दूध आलं नाही, पैसे वाचले. फडावरचा, म्हणजे तोडणी चालते त्या शेतावरचा, खाडा उलटा. मजूर तापाने कोपीत, म्हणजे आपल्या झोपडीत, पडून राहिला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, वर दंड बसतो, आणि तो दंड मुकादमाच्या वहीत उचलीच्या बाकीत जाऊन बसतो. म्हणजे उचल एकदाच घेतली तरी वाढत राहू शकते. जमिनीच्या व्यवहारातला इसार दोघांनाही बांधतो, जमीन घेणाऱ्याने माघार घेतली तर त्याची रक्कम जाते. उचल बांधते ती उचल घेणाऱ्यालाच.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे, आणि त्यातली पहिलीच व्याख्या आगाऊ रकमेची आहे: रोख असो वा वस्तुरूप. ‘बारमासिया’, ‘जीथा’, ‘वेट्टी’ अशी देशभरच्या वेठीच्या प्रथांची नावं त्या कायद्यात दिली आहेत. ‘उचल’ त्यांत नाही. पण नाव नसलं म्हणून सुटका होत नाही. आगाऊ रकमेपायी माणसाला दुसरीकडे काम करण्याची वा कुठे जाण्याची मोकळीक उरत नसेल तर ती वेठबिगारीच. उचल देणं हा गुन्हा नाही. पेरणीच्या, आजारपणाच्या, लग्नाच्या खर्चाला तिचाच आधार असतो. तिच्यापायी माणूस अडकवणं हा गुन्हा आहे, आणि ही रेघ तुमच्या मराठीत ठळक दिसली पाहिजे.

आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी शेतमालाच्या पुरवठा साखळीसाठी २०१६ साली संयुक्त मार्गदर्शन काढलं. कंपनीने थेट पुरवठादारापाशी न थांबता साखळीत खालपर्यंत पाहावं, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्याकडे ‘खालपर्यंत’ म्हणजे कारखाना, वाहनमालक, मुकादम आणि शेवटी कोयता. इथे आणखी एक शब्द सांभाळा. नियमावलीत ‘प्रत्येक मजूर’ असेल, पण टोळी मोजतात ती कोयत्यांवर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस अर्धा कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणाऱ्या बाईचं नाव कागदावर कुठेच येत नाही. त्यामुळे नुसतं ‘मजुराला’ लिहिलंत तर ती सुटून जाईल.

मी असा मजकूर सुचवेन: ‘उचल किती, कुणी दिली आणि किती टन तोडणीत ती फिटते, हे कोयत्यातल्या दोघांच्याही नावे लिहून द्यावे. आजारपण आणि बाळंतपणाचा खाडा उचलीत धरू नये. उचल बाकी आहे म्हणून कुणालाही फडावर अडवून ठेवू नये.’ शेवटच्या वाक्याचं ‘आवागमनाचे स्वातंत्र्य अबाधित राहील’ असं कुणी सुधारून दिलं तर ते घेऊ नका. टोळीत हा कागद एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार आहेत.