परळला जेवण वाटायला पहिल्यांदा येतेस तर

टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकलेले बहुतेक लोक भिकारी नाहीत. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं आहेत, पार बिहार-बंगालहून आलेली. म्हणून पुढ्यात जेवणाचं पाकीट ठेवून निघू नकोस, आधी ‘जेवण झालं का?’ विचार. तोंडाचा कॅन्सर असलेल्याला पोळी गिळवत नाही. त्याच्यासाठी मुगाची मऊ खिचडी वेगळी काढ, मिरची अजिबात नको. केमो चालू असेल तर ताजं आणि गरमच, कोशिंबीर नाही. नाकात नळी असेल तर फक्त सोबतच्या माणसाला वाढ. उन्हाळ्यात भात लवकर आंबतो, तेव्हा आदल्या रात्री शिजवून आणू नकोस. फोटो काढणाऱ्यांना मी सरळ घरी पाठवते, आधीच सांगते.

देवावरचा विश्वास उडालाय, तरी चालेल का म्हणालीस. अगं, चालेल की! गाडगेबाबा देवळं बांधायच्या भानगडीत पडले नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट उतरतात. मी स्वतः वारी करते, आणि इथली लहान पोरं बघितली की विठोबाशी कडाकडा भांडतेही. उत्तर अजून मिळालेलं नाही.

पाण्याच्या बाटल्या जास्त आण, त्याच आधी संपतात.