नावावरून क्लास शोधणारी मेथड लिहितोय. क्लास सापडला नाही तर नल (म्हणजे 'काहीच नाही') द्यावं की एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक) फेकावं?

एक्सेप्शन फेका. याच प्रश्नावर मी एकदा कोड रिव्ह्यूत हरलो होतो आणि त्याची किंमत अख्ख्या टीमने मोजली.

बिलांवर कर लावणारा क्लास आम्ही कॉन्फिग फाइलमधल्या नावावरून उचलायचो. शोधणारी मेथड आत जावाचं क्लास.फॉरनेम वापरायची, जे नावावरून क्लास शोधतं; क्लास न मिळाल्यावर येणारं क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन तिथेच गिळायची आणि नल परत द्यायची. नल दिसला की कॉल करणारा कोड मुकाट्याने डिफॉल्ट क्लास घ्यायचा. मी लिहिलं, हे लपवू नका. सीनिअर म्हणाले, "जागोजागी ट्राय-कॅच, म्हणजे एक्सेप्शन पकडणारा कोड, कोण लिहीत बसणार?" विषय तिथेच संपला.

पुढे कोणीतरी पॅकेजचं नाव बदललं. आयडीईने (कोड लिहायच्या साधनाने) कोडमधले सगळे उल्लेख बदलले, कॉन्फिगमधली स्ट्रिंग जुनीच राहिली. कंपायलरची तक्रार नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टमध्ये ऑब्जेक्ट कॉन्फिग टाळून थेट न्यू करून घेतलेला. तीन आठवडे बिलं चुकीच्या राउंडिंगने गेली. फरक ग्राहकाच्या हिशेबनिसाने दाखवला. लॉगमध्ये एक ओळ नाही. दोन रात्री मी कराचं गणित तपासत बसलो, आणि गणितात चूक नव्हतीच.

ट्राय-कॅचचा मुद्दा तेव्हाही पोकळ होता. एक्सेप्शन मेथडच्या आत एकदाच पकडायचं आणि रनटाइम एक्सेप्शनमध्ये (ज्यासाठी ट्राय-कॅचची सक्ती नसते) गुंडाळून पुढे फेकायचं. मेसेजमध्ये कोणतं नाव शोधलं आणि ते कुठल्या फाइलमधून आलं, दोन्ही हवं. शोध प्रोग्रॅम सुरू होतानाच उरकायचा, पहिल्या बिलापर्यंत थांबायचं नाही.

क्लास नसला तरी चालणार असेल, तर त्यासाठी वेगळी मेथड द्या. स्मॉलटॉक भाषेच्या डिक्शनरीत 'ॲट:' किल्ली न सापडल्यास एरर देतं, 'ॲट:इफॲबसेंट:'मध्ये न सापडल्यास काय करायचं तो ब्लॉक कॉल करणाराच देतो. रूबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्ये नावावरून क्लास शोधणारं कॉन्स्टंटाइझ एरर फेकतं, सेफ_कॉन्स्टंटाइझ निल (रूबीचा नल) देतं. नावातच फरक दिसतो.

हो, ऐच्छिक प्लगइन शोधत असाल तर नल किंवा ऑप्शनल (रिकामं असू शकणारं वेष्टण) रास्त आहे, तेवढं मान्य. आणि नाव युजरकडून येत असेल तर फॉरनेमला हातच लावू नका, ते क्लासचा स्टॅटिक ब्लॉकही (क्लास सुरू होताना आपोआप चालणारा कोड) चालवतं. ठरलेल्या नावांचा मॅप (नाव आणि त्याचा क्लास अशी यादी) ठेवा.

आमची ती मेथड आता एक्सेप्शन फेकते. ट्राय-कॅच एकच आहे, तिच्या आत.