मनू, आजोबांचं सूत आणि तुझं ते यार्न

मनू बाळा,

काल रात्रीचा तुझा सोलापूरहून आलेला व्हॉइस मेसेज मी सकाळी ट्रेनमध्ये ऐकला, दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा शेवटी तू रडवेली झालीस ते कळलंच नाही. तुझे प्रश्न दोन होते. यार्नला मराठीत काय म्हणतात, आणि आजोबा एकदम गप्प होऊन गच्चीवर का गेले.

म्हणजे मला समजलं ते असं, की जेवणं झाल्यावर आजोबा कापडगिरणीच्या गोष्टी सांगत होते, म्हणाले की मी एका पाळीत सुतानं पंढरपूरला जाऊन परत यायचो, आणि तुला ते इतकं आवडलं की तू टाळ्या वाजवून म्हणालीस, व्हॉट अ यार्न आजोबा! मग दादाने फोनमध्ये अर्थ बघितला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही म्हणतीय तुम्ही थापा मारताय. बरोबर ना?

तर पहिली गोष्ट, तू काही चुकीचं बोलली नाहीस. तू तो शब्द इथे मेलबर्नला शिकलीस, शाळेत, जिथे तुम्ही सगळे गोल करून बसता आणि टीचर त्याला यार्निंग सर्कल म्हणतात. ती पद्धत इथल्या मूळच्या ॲबोरिजिनल लोकांकडून आलेली आहे, बसायचं, एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी मनापासून ऐकायचं. इथे माझे ऑफिसातले लोक पण म्हणतात की ये जरा यार्न करू, म्हणजे फक्त गप्पा मारू, त्यात खोट्याचा काही संबंध नसतो. पण दादा पण पूर्ण चुकला नाही गं. इंग्रजीत कोणी म्हणालं की ही स्पन मी अ यार्न, तर बऱ्याचदा अर्थ असा की त्याने मला काहीतरी रचून सांगितलं, होमवर्क का नाही केला त्याचं लांबलचक कारण वगैरे. आणि तेच गुड यार्न म्हटलं की कौतुक, मस्त रंगलेली गोष्ट. शब्द एकच, कोण कोणाला कुठल्या सुरात म्हणतं त्यावर सगळं.

मुळात यार्न म्हणजे सूत, कातलेला धागा, हे तर सोलापुरात तुला कोणीही सांगेल, पूर्व भागात शिरलीस की घराघरातून यंत्रमागाची खटखट ऐकू येते ती सगळी सुताचीच. गोष्ट हा अर्थ नंतर चिकटला, 19 व्या शतकाच्या सुरुवातीला, खलाशांच्या बोलीतून. जहाजावर दोरखंडांची कामं कधी संपायची नाहीत, धागे उकलायचे, पुन्हा वळायचे, तासन्‌तास एका जागी बसून हात चालू, मग तोंड पण चालू, असं त्यामागचं कारण सांगतात. आणि गंमत बघ, आपल्याकडे पण कोणी फार लांबण लावली की आजी म्हणते ना, काय चऱ्हाट लावलंय! चऱ्हाट म्हणजे दोरच. तिकडे समुद्रावर आणि इकडे समुद्र कुठे दिसत नाही अशा सोलापुरात, लोकांना लांब गोष्ट ऐकताना दोरच आठवला. फक्त आपलं चऱ्हाट कंटाळ्याचं आहे आणि त्यांचं यार्न मजेचं.

म्हणून यार्नला मराठीत एकच शब्द नाही, मी ट्रेनमध्ये खूप डोकं लावलं. थाप म्हणजे समोरच्याला फसवायला मारलेली, ती नको. किस्सा जवळ येतो. पण मला विचारशील तर, रंगवून सांगितलेली गोष्ट, एवढंच म्हण, सगळ्यांना कळतं. धागा मात्र आपल्या भाषेत पण भरलेला आहे, बोलता बोलता आजी म्हणते धागा सुटला, गोष्टीचं कथासूत्र असतं, नाटकात सूत्रधार असतो, दोघांचं पटलं की सूत जुळलं. आणि अजून एक सूत आहे, तो माणूस, पुराणातल्या कथा ऋषींना सांगणारा, म्हणून पोथीत जागोजागी सूत उवाच असं येतं. तो शब्द वेगळा हं, धाग्याचा सूत आणि तो सूत यांचं नातं नाही, कानाला सारखे लागतात एवढंच. पण त्याच्यावरूनच सूतोवाच हा शब्द आला, पेपरात येतो बघ, मंत्र्यांनी नव्या योजनेचं सूतोवाच केलं.

आता आजीच्या गोष्टी. आता गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरेल, तेव्हा ती तुला आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची आणि कुंभारकन्येची गोष्ट सांगेल, तिला त्यांच्याशी लग्न करायचं होतं आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, म्हणून संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज, त्या उंच काठ्या, निघतात आणि अक्षता पडतात. ते ऐकून यार्न म्हणू नकोस बाळा, ती श्रद्धा आहे, आजी हात जोडून सांगते. आणि 12 जानेवारीला आजोबा चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि 1931 ला त्याच 12 जानेवारीला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. तिथे आजोबा एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत, मी लहानपणापासून बघतोय, आवाज पण बदलतो त्यांचा.

गिरणीच्या गोष्टी मात्र ते रंगवतात, हो. भोंगा अक्कलकोटपर्यंत ऐकू जायचा म्हणतात, तेवढं जरा ताणलेलं आहे. सोलापुरात गिरणी 1877 ला सुरू झाली आणि मग किती पिढ्यांनी घड्याळ न बघता भोंग्यावर स्वयंपाक केला, पोरं उठवली, तेव्हा त्यांना तो भोंगा जगात सगळीकडे ऐकू येतोय असं वाटलं तर मला नवल नाही वाटत. आता गिरण्या बंद, भोंगे बंद. त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं त्या सुतखात्यात गेली आणि आता ती फक्त सांगण्यात उरलीत, आणि तेच कोणी थाप म्हटलं, म्हणून ते उठून गेले. तुझ्यावर रागावून नाही.

पण पंढरपूरचं! मनू, ते खरं आहे. मी आत्ता लंचमध्ये कागदावर मांडलं. सुताला नंबर असतो, काउंट म्हणतात, एका पाउंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर, म्हणून नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक आणि तितकं लांब. 20 नंबरचं सूत धर. 840 यार्ड म्हणजे साधारण 768 मीटर, त्याला 20 ने गुण, 15 किलोमीटरच्या थोडं वर आलं, एका पाउंडात! पंढरपूर आपल्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, जाऊन येऊन दीडशे धर. म्हणजे 10 पाउंड, साडेचार किलो सूत. एका साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, शेकडो चात्या फिरतात गं, एका पाळीत साडेचार किलो म्हणजे काहीच नाही, ते पंढरपूर सोड, त्याच्या कितीतरी पुढे जाऊन आले असतील. आणि नुसतं लांब ओढून सूत होत नाही, पीळ लागतो, पीळ कमी पडला की तुटतं, मग पळत जाऊन सांधायचं, ते सांधणं आजोबांच्या बोटांत अजून आहे, त्यांना दोन धागे दे आणि बघ, गाठ दिसणार पण नाही.

तर आज असं कर. वही घे, दादाला पण बसव, हा हिशोब आजोबांसमोर मांड, गुणाकार तूच कर, चुकलीस तर ते सांगतील, त्यांना नंबर तोंडपाठ आहेत. सॉरी एकदाच म्हण, फार नको. मग भोंग्याची गोष्ट पुन्हा सांगायला लाव, सुरुवातीपासून, मधे कोणी अक्कलकोटचं अंतर विचारायचं नाही. आणि ते सुरू झाले की मला फोन लाव, बोलू नकोस, नुसता त्यांच्या जवळ ठेव. तिकडे 9 वाजले की इथे रात्रीचे अडीच होतात, होऊ देत, मी जागा राहतो.

तुझा बाबा