वाचकांचे प्रश्न : तंबाखूची पेटी आणि सिगारेटचा कंटेनर

प्रश्न : स्वतः भरपूर तंबाखू पिकवणारे देशही बाहेरून पान का मागवतात?

उत्तर : सगळी तंबाखू एकसारखी नसते म्हणून. भट्टीत गरम हवेवर पाच-सात दिवसांत पिवळं केलेलं व्हर्जिनिया पान गोड असतं. सावलीत सहा-आठ आठवडे टांगून वाळवलेल्या बर्लीत साखर जवळपास उरत नाही, पण तिचं पान सच्छिद्र असल्याने स्वादाचं द्रावण भरपूर शोषतं. उन्हात वाळवलेली, लहान पानांची ओरिएंटल तंबाखू तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया या पट्ट्यातली. ती थोडीच घालतात, पण सुगंध तिचा असतो. ‘अमेरिकन ब्लेंड’ सिगारेटला हे तिन्ही प्रकार लागतात. उत्पादनात चीन पहिला आहे, पण पानाच्या निर्यातीत १९९३पासून ब्राझील आघाडीवर आहे. मलावीसारख्या देशाचं परकीय चलन मोठ्या प्रमाणात बर्लीवर अवलंबून आहे, त्यामुळे भाव पडला की झळ थेट देशाच्या आयातीपर्यंत पोचते.

प्रश्न : सीमाशुल्काच्या कागदपत्रांत मालाचा कोणता कोड (एचएस कोड) लिहायचा?

उत्तर : शिरेसकट पान २४०१.१०. शीर पूर्ण किंवा अंशतः काढलेलं पान २४०१.२०. टाकाऊ चुरा २४०१.३०. तंबाखूच्या सिगारेटी २४०२.२०. घोटाळा होतो तो भुकटी आणि शिरांपासून बनवलेल्या पत्र्यासारख्या तंबाखूत. दिसायला ती पानासारखी असली तरी तिचा कोड २४०३.९१ आहे. न जाळता वाफ ओढायच्या उत्पादनांसाठी २०२२पासून २४०४ हे नवं शीर्षक आलं आहे.

प्रश्न : शीर काढलेला माल निघताना चांगला होता. पोचल्यावर काही पेट्यांत बुरशी, काहींत भुंगेरे. चूक कुठे झाली?

उत्तर : चुका दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

आधी ओल पाहू. रीड्राइंगच्या, म्हणजे पान पुन्हा वाळवण्याच्या, यंत्रात शीर काढलेल्या पानाच्या पट्ट्या आधी गरजेपेक्षा जास्त सुकवतात, मग गार करतात आणि शेवटी वाफ देऊन ओल ११ ते १३ टक्क्यांवर आणतात. जास्त सुकवण्याचा टप्पा गाळून थेट १२ टक्क्यांवर थांबलं, तर एक पट्टी ९वर आणि शेजारची १५वर राहू शकते. सरासरी बरोबर येते आणि पेटी बिघडते. म्हणून एका नमुन्यावर समाधान मानू नका. पेटीच्या मध्यातून आणि कोपऱ्यांतून वेगवेगळे नमुने काढा. पट्टी गरम असतानाच दाबली किंवा दाबणी एकसारखी झाली नाही, तर घट्ट जागी उष्णता कोंडून पान काळं पडतं.

पुठ्ठ्याच्या एका पेटीत साधारण २०० किलो माल बसतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशा ९९ पेट्या, म्हणजे १९.८ टन. उष्ण बंदरातून थंड प्रदेशाकडे जाताना कंटेनरचं छत गार पडतं आणि आतली वाफ थेंब होऊन वरच्या थरावर टपकते. बुरशी फक्त वरच्या पेट्यांवर, बाहेरून आत गेलेली असेल, तर संशय प्रवासावर घ्या. पेटीच्या पोटात असेल तर रीड्राइंगवर. विम्याचा दावा करण्याआधी पेटीची जागा आणि डागाची दिशा दिसेल असे फोटो घ्या, कारण माल एकदा हलवला की हा पुरावा गेला. पुढच्या वेळी भरण्याआधी कंटेनरच्या लाकडी तळाची ओल तपासा, वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरा आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा.

आता भुंगेरा. हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी सिगारेट भुंगेरा असतो. कोरेस्टा या तंबाखू-संशोधन संस्थेच्या मार्गदर्शिकेत फॉस्फिन या कीडनाशक विषारी वायूच्या धुरीचं नेहमीचं प्रमाण दिलं आहे : तापमान २० अंशांच्या वर असेल तर २०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग वायू), ४ दिवस, १६ ते २० अंशांत ३०० पीपीएम, ६ दिवस. इथे बहुतेक जण फसतात. हे प्रमाण पेटीच्या मध्यावर मिळायला हवं, त्यामुळे कंटेनरच्या हवेतलं मोजून चालत नाही. दिवसही मध्यावर तेवढा वायू पोचल्यापासून मोजायचे. धुरीची तीन ग्रॅमची गोळी एक ग्रॅम फॉस्फिन देते. घनमीटरला एक गोळी म्हणजे हिशेबाने सुमारे ७०० पीपीएम, पण दाराच्या रबरातून आणि हवेच्या झडपांतून तो निसटतो. त्या फटी चिकटपट्टीने बंद करा. थंडीत कीड सुस्तावते, वायू कमी ओढते आणि वाचते.

अर्धवट धुरी ही धुरी न देण्यापेक्षा घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. मोठे भुंगेरे मरतात, चिवट अंडी आणि कोष उरतात आणि पुढची पिढी वायूला दाद देत नाही. तिचा त्रास पुढे प्रत्येक गोदामाला होतो. आणि एक : धुरी दिलेला कंटेनर उघडताना वासावर विसंबू नका. दारं उघडून हवा खेळू द्या, मीटरने मोजा, मगच माणूस आत पाठवा. यात घाई केली तर जीव जातो.

प्रश्न : कारखान्यातून रीतसर निघालेल्या अस्सल सिगारेटी तस्करीत कशा सापडतात?

उत्तर : करामुळे. निर्यातीच्या आणि एखाद्या देशातून फक्त पुढे जाणाऱ्या मालावर कर स्थगित असतो. २०० सिगारेटींचं एक कार्टन, अशी ५० कार्टन एका खोक्यात, म्हणजे १०,००० सिगारेटी. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण एक कोटी. एवढ्या मालावरचा कर मालाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. कागदावर माल तिसऱ्या देशाला निघतो आणि वाटेत उतरतो, किंवा मुक्त व्यापार क्षेत्रात (बंदराजवळच्या करसवलतीच्या आवारात) खोके बदलून नव्या बिलावर बाहेर पडतो.

ही तस्करी रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १२ नोव्हेंबर २०१२ रोजी सोलमध्ये स्वीकारला गेला आणि २५ सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. त्यानुसार पाकिटावरच्या विशिष्ट खुणेवरून कारखाना, यंत्र, पाळी आणि ठरलेली बाजारपेठ कळली पाहिजे. मुक्त क्षेत्रातून बाहेर काढताना तंबाखू उत्पादनं इतर मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये मिसळायला मनाई आहे. पैसेही बिलावरच्याच चलनात आणि तेवढ्याच रकमेचे यायला हवेत.

तुम्ही मालवाहतूक पाहत असाल तर तीन गोष्टी तपासा : ठरलेल्या बाजारपेठेत एवढ्या सिगारेटी खपतील का, मार्ग विनाकारण वळसे घेतो का आणि पैसे भरणारा बिलावरचाच आहे का. यातली एक जरी खटकली, तरी उत्तर मिळेपर्यंत बुकिंग घेऊ नका.