‘निलंबनापूर्वी कार्ड काढा’

प्रश्न: प्रयोगशाळेतल्या जुन्या लॅपटॉपला पीसी कार्ड (बाजूच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारं जोडकार्ड) लागतं. त्यावर चिकटवायला ‘निलंबनापूर्वी कार्ड काढा’ अशी सूचना लिहिली, तर सगळे हसले. ‘सस्पेंड’ला दुसरा शब्द आहे का? (कोथरूड, पुणे)

उत्तर: हसू ‘निलंबना’ला येतंय, पण गफलत ‘काढा’मध्ये आहे. आपण रेशनकार्ड काढतो, आधार काढतो. तिथे काढणं म्हणजे मिळवणं. ‘नवीन सिम काढलं’ आणि ‘फोनमधलं सिम काढलं’ ही उलटसुलट कामं आपण एकाच क्रियापदावर भागवतो. म्हणून ‘काढून ठेवा’ लिहा, शंकाच उरत नाही. शिवाय इथे पायऱ्या दोन आहेत. आधी सिस्टिमला सांगून कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) थांबवायचा आणि स्लॉटची वीज तोडायची, मग शेजारचं बटण दाबून कार्ड ओढायचं. इंग्रजीत दोन्हीला ‘इजेक्ट’च म्हणतात. मी पहिल्याला ‘मोकळं करणं’ म्हणेन.

आता निलंबन. शब्द अगदीच टाकाऊ नाही बरं का! निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो, तशी सस्पेंडमध्ये रॅमला (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीला) जगण्यापुरती वीज मिळत राहते; म्हणून उघड्या फाइली जागच्या जागी सापडतात. (हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर उतरवून तीही बंद.) पण शब्दाला चौकशीचा वास येतो. तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला ‘निलंबन’ म्हणून बघा. ‘झोपवला’ म्हटलं की लगेच कळेल. रिझ्यूमला, म्हणजे सस्पेंडमधून परत येण्याला, ‘जागा झाल्यावर’. ‘पुन्हा सुरू’ नको, ते रीस्टार्टसाठी राहू द्या.

कार्डाला मात्र ‘झोपलं’ म्हणू नका. लॅपटॉप झोपला की स्लॉटची वीज बहुधा पूर्ण तुटते आणि कार्ड आपली मांडणी (सेटिंग) विसरतं. लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल, तर जाग आल्यावर ती कार्डावरची ओळख-माहिती परत वाचतं आणि आधी जपलेल्या प्रतीशी ताडून बघतं. जुळली तर त्याच कार्डाची मांडणी नव्याने करतं. नाही जुळली तर जुनं निघालं, नवं बसलं असं धरतं. साठवणीचं कार्ड मोकळं न करताच मधल्या वेळात उपसलं, तर अर्धवट लिहिलेल्या फाइलीचं वाटोळं होऊ शकतं.

तेव्हा पाटी अशी: ‘लॅपटॉप झोपवण्याआधी कार्ड मोकळे करून काढून ठेवावे. जागा झाल्यावर परत बसवावे.’ पाटी पुण्यात लागणार आहे, ‘कृपया’ घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.