अमेरिकेतल्या एका वाचकाने विचारलंय: गुडविल या जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेल्या मातीच्या टेबल लॅम्पवर, खाली वायर बाहेर येते त्या बाजूला, 'मार्ट्झ' कोरलंय आणि सॉकेटवर, म्हणजे बल्बच्या होल्डरवर, 'लेव्हिटन' आहे. मग बनवणारा नेमका कोण? आणि हा लॅम्प पुण्याला नेला तर चालेल का?

लेव्हिटनचा विषय आधी संपवतो. ती सॉकेट, स्विच, प्लग बनवणारी अमेरिकन कंपनी आहे. तुमच्या अपार्टमेंटच्या भिंतीतली बटणं नीट बघा, तिथेही कदाचित हेच नाव सापडेल. '660 वॅट, 250 व्होल्ट' असं काही लिहिलेलं असेल तर तेही त्या सॉकेटपुरतंच. जुन्या लॅम्पचं सॉकेट आणि वायर मधल्या काळात कोणीही बदललेली असू शकते, त्यामुळे त्यावरून मातीचं वय काढायला जाऊ नका.

तुम्हाला हवंय ते नाव मातीतच आहे. मार्ट्झ म्हणजे गॉर्डन आणि जेन मार्ट्झ, नवरा-बायको. दोघंही न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड विद्यापीठात सिरॅमिक्स शिकले आणि मग इंडियानातल्या वीडर्सबर्ग नावाच्या लहानशा गावी, जेनच्या माहेरच्या मार्शल स्टुडिओजमध्ये कामाला लागले. 1950 आणि 60 च्या दशकांत तिथून लॅम्प, टाइल बसवलेली टेबलं, वाडगे, ॲशट्रे असं बरंच काही बाहेर पडलं. लॅम्पवर सही मार्ट्झ आणि धंद्याचं नाव मार्शल. कागदी लेबल टिकलं असेल तर त्यावर 'मार्शल स्टुडिओज' असतं, आणि लोक या दोन वेगळ्या कंपन्या समजून बसतात. अमुक एक लॅम्प गॉर्डनच्या हातचा की जेनच्या, हे मात्र सहीवरून ठरत नाही. हा स्टुडिओचा माल होता, दुकानांत जाणारा.

आता सही खरी की नंतर कोणी ओरबाडलेली? तुम्ही लिहिलंय की ती खाली, वायर बाहेर येते त्या बाजूला आहे. जागा बरोबर आहे. खोलीतले दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च लॅम्पच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. ओल्या मातीत कोरलेल्या अक्षराच्या कडेला मातीचा बारीकसा बांध उठलेला दिसतो, नांगराच्या तासाला उठतो तसा. वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, असेल तर ते भाजताना खाचेत उतरतं, म्हणून अक्षराच्या आत रंग जरा वेगळा पडतो. भाजून झाल्यावर कोणी खिळ्याने नाव टाकलं असेल तर ग्लेझचे टवके उडालेले असतात आणि खालची माती उघडी, नखाला खरखरीत लागते. हा फरक एकदा बघितला की विसरत नाही.

वायरचं भोकही असंच बघा. कडा गुळगुळीत, ग्लेझ आतपर्यंत वळलेलं असेल तर वस्तू पहिल्यापासून लॅम्प म्हणूनच घडली. कडा कोरी आणि टवके उडालेली असेल तर बहुधा कोणीतरी फुलदाणीला ड्रिल मारून तिचा लॅम्प केलाय. तळाला फेल्ट चिकटवलेलं असेल तर एका कोपऱ्यातून हळूच उचला, कधीकधी त्याखाली नंबर किंवा शिक्का असतो. सगळं ओढून काढू नका. तळातून बोट आत जात असेल तर भिंत चाचपा: चाकावर घडवलेल्या भांड्यात बोटांच्या वळ्या लागतात, साच्यात ओतलेल्यात आतून सपाट. सपाट लागलं म्हणून नाराज व्हायचं कारण नाही, साच्यातल्या लॅम्पवर नंतर हाताने नक्षी कोरता येतेच.

ज्यांच्या लॅम्पवर सहीच नाही त्यांची खरी पंचाईत. विकणारे कुठल्याही मातकट, रेघारेघांच्या लॅम्पला 'मार्ट्झ' म्हणून खपवतात. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये ली रोझेन यांची डिझाइन टेक्निक्स ही सिरॅमिक्सची कंपनी होती, कॅनडात ऑन्टॅरिओत डेन्मार्कहून आलेल्या लॉटे आणि गनर बॉस्टलुंड यांचे लॅम्प बनत होते. बॉस्टलुंडची ओळख म्हणजे फायबरग्लासचा धागा गुंडाळल्यासारखी शेड. दुरून सगळे भाऊबंदच वाटतात. सही नसेल तर आकार आणि नक्षी सही असलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळल्याशिवाय मी तरी जास्तीचा डॉलर मोजणार नाही. किंमत बघायची तर लिलावात झालेल्या विक्रीची बघा. विकायला ठेवताना मनातला आकडा कोणीही टाकतो.

पुण्याला खुशाल न्या. मातीला व्होल्टेजशी काही देणंघेणं नाही. फक्त इथला, अमेरिकेतला 120 व्होल्टचा बल्ब तिकडे लावू नका, 230 वर टिकणार नाही. जुनी वायर बऱ्याचदा कडक होऊन तडकलेली असते, तेव्हा तिकडच्या इलेक्ट्रिशियनकडून वायर, सॉकेट आणि प्लग एकदमच बदलून घ्या. त्याला बजावून सांगा की मातीला नवं भोक पाडायचं नाही. सॉकेटखालची लाकडी मान आणि शेड कसणारा वरचा लाकडी फिनिअल तुमच्या लॅम्पवर शाबूत असतील तर ते स्वतःच्या हाताने काढून वेगळे ठेवा. दुकानात गेले की हरवतात, आणि उद्या विकायचा झालाच तर जाणकार गिऱ्हाईक सहीखालोखाल तेच विचारतं.