माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला दमा आहे. शाळेत पंप स्वतःहून घ्यायला तिला कसं शिकवू?

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे. अनुभवाने सांगते, पंप ओढायला मुलं चार दिवसांत शिकतात. वेळेवर तोंड उघडून सांगायला मात्र महिने लागतात. तुमची खरी मेहनत तिथे आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा खो-खो खेळताना खोकायचा, नळावर जाऊन पाणी प्यायचा आणि परत पळायचा. पंप दप्तरात तळाशी, डब्याच्या पिशवीत गुंडाळलेला, कारण मुलं चिडवायची. एकदा धापेने त्याला ‘बाई’च्या पुढे शब्द फुटेना, तेव्हा मला कळलं. नंतर त्याच्याशी एक खूण ठरवली. छातीत घरघर सुरू झाली की त्याने नुसतं ‘मांजर आलं’ म्हणायचं. मुलीला तिचा शब्द तिलाच निवडू द्या. ‘दम लागतोय का?’ असं विचारलं तर मुलं हमखास ‘नाही’ म्हणतात. रात्रीचा कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणं, खेळता खेळता मध्येच बसणं, या तिच्या सुरुवातीच्या खुणा तिला ओळखता आल्या पाहिजेत.

पंप स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावूनच घ्यायचा. नुसता तोंडात मारला तर बरंचसं औषध घशालाच चिकटतं. आधी पंप चांगला हलवायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, एकच पफ, म्हणजे एका दाबाचा फवारा, सोडायचा आणि सावकाश पाच श्वास घ्यायचे. दुसऱ्या पफसाठी पुन्हा हलवायचा. दोन पफ एकदम मारून मोकळं होणारी मोठी माणसंही मी पाहिली आहेत! तिला बाहुलीला शिकवायला सांगा, चूक तिथे लगेच दिसते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर औषध आतल्या भिंतीलाच चिकटून राहतं.

रोजचा स्टिरॉइडचा पंप घरी, त्यानंतर चूळ भरायची. तात्पुरत्या आरामाचा, सालब्युटामॉलचा, शाळेत. दोन्हींतला फरक तिला कळू द्या. आजी-आजोबा ‘सवय लागेल’ म्हणतील. सवय लागत नाही, पण हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा, आपलं कोण ऐकतं!

वर्गशिक्षिकांना भेटून डॉक्टरांनी लिहिलेला कागद द्या, त्यात पफ किती आणि कधी ते असू द्या. पंप मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात नको, तिच्या हाताशी हवा. धाप लागली तर तिला आडवं करू नका, ताठ बसवा, हेही बाईंना सांगून ठेवा. पंप घेऊनही उतार नसेल, वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसले तर घरून कुणी येण्याची वाट न पाहता १०८ लावायचा. अँब्युलन्स येईपर्यंत त्या कागदाप्रमाणे पंप चालू ठेवायचा.

आणि फळा पुसायचं काम तिला देऊ नका म्हणावं. माझ्या वर्गात ते मीही करत नाही.